मराठवाड्यातला घाटरस्ता सुचवा: पंधरा गाड्या, एक दिवस

रस्ता_मापक
नमस्कार मंडळी. संभाजीनगरात आमचा गाडीवाल्यांचा एक गट आहे. पावसाळा सरता सरता सगळे मिळून दिवसभराची फेरी काढतो. आजवर बहुतेक वेळा नाशिककडं नाहीतर नगरकडं तोंड केलं. यंदा बैठकीत ठराव झाला की मराठवाड्याची वेस ओलांडायची नाही. रस्ता बघून यायची, म्हणजे रेकीची, जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे.

पंधरा गाड्या, चाळीस-पंचेचाळीस माणसं, त्यात लेकरं आणि दोन-तीन आजी-आजोबा. पहाटे निघून रात्री घरी. गाड्यांमध्ये थारपासून जमिनीला टेकलेल्या सेडानपर्यंत सगळं आहे, त्यामुळं कच्चा रस्ता नको. यादीत सध्या म्हैसमाळ, कन्नडचा घाट आणि अजिंठ्याकडची बाजू आहे.

माझं मत आधीच सांगतो. घाट म्हटला की लोक फक्त व्ह्यू विचारतात. मला चालवायला मजा येईल असा रस्ता हवाय. वळणं हवीत, चढ हवा, समोरून ट्रकांची रांग नको. सुचवा.

लातूरचा_पाहुणा
आमच्याकडं २०१६ ला पाणी रेल्वेनं आलतं. एखादा डोंगर पण रेल्वेनं मागवावा म्हणायलोय. आला की कळवतो.

जुनी८००
म्हैसमाळ यादीतून काढा. जागा वाईट नाही. १०६७ मीटर उंची, गिरिजादेवीचं देऊळ, टीव्हीचा मनोरा, ढग अंगावरून जातात, सगळं कबूल. पण खुलताबादपासून वर जेमतेम १२ किलोमीटर. गाडी गरम होईपर्यंत रस्ता संपतो. आणि पावसाळ्यातल्या रविवारी अर्धं शहर तिथं कणसं खायला आलेलं असतं.

श्रावणात तर नावच काढू नका. शुक्रवारी रात्रीपासून भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रीघ, सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी. जुन्या रस्त्यानं गेलात तर दौलताबादचा दरवाजा आहेच. यादवांच्या राजधानीच्या वेशीतून एका वेळी एक गाडी. पंधरा गाड्यांचा ताफा तिथं शिरला तर पुढचा खुलताबादला चहा पीत असेल आणि मागचा अजून वेशीबाहेर हॉर्न वाजवत असेल.

बालाघाटकर
सगळे डोंगर काय संभाजीनगरच्याच वाट्याला आलेत का वो? बीडकडं या की. मांजरसुंब्याचा घाट, कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी, पुढं पाटोद्याकडं वळलात तर सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी मारते, खाली रामेश्वराचं देऊळ. वाटेत नायगावचं मोरांचं अभयारण्य. एवढं सगळं एका जिल्ह्यात असताना माणूस अजिंठा अजिंठा काय करायलाय!

मीनल_सिडको
बालाघाटकर, सौताडा सुंदर आहे यात वादच नाही. पण संभाजीनगरहून जाऊन-येऊन दिवस महामार्गावरच जाईल. मुद्दाम मुक्काम टाकून करायची ती फेरी.

बालाघाटकर
मग टाका की मुक्काम. सीताफळांच्या दिवसांत या. बालाघाटच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे. धारूरकडच्या डोंगरात झाडं आपोआप उगवतात, कुणी लावायला जात नाही. फक्त धारूरच्या घाटात ताफा घालू नका. अरुंद आहे आणि ऊसतोडीचे ट्रक-ट्रॅक्टर सुरू झाले की तिथं दोन गाड्यांचीही पंचाईत होते.

किल्लेदार
मूळ प्रश्नाकडं येतो. रस्ता_मापक यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. अजिंठ्याच्या रांगेतले घाट सह्याद्रीतल्या घाटांसारखे नाहीत, आपल्या बाजूनं ते उलटे आहेत. पुण्याहून कोकणात उतरताना आधी मावळातले डोंगर तरी दिसतात. संभाजीनगरहून कन्नडला किंवा सिल्लोडला जाताना मात्र तुम्ही सपाटीवरच असता. मका, कपाशी, अद्रक, पुन्हा मका. चढल्याचं कळतही नाही. आणि एकदम जमीन संपते. खाली खानदेश.

कारण ही रांग म्हणजे पठाराची उत्तरेकडची कड आहे. दक्षिणेकडं उतार सावकाश, तिकडचं पाणी शिवना-पूर्णेतून गोदावरीला जातं. उत्तरेकडं कडे तुटलेले, तिकडचं पाणी गिरणा-वाघूरमार्गे तापीला. अजिंठ्याची लेणी ज्या नालाच्या आकाराच्या दरीत आहेत ती वाघूरनंच कापलेली.

ताफ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की सकाळी पहिल्यांदा उतार लागणार आणि परतीला, माणसं दमलेली असताना, चढ. बाकी ठिकाणी बहुधा उलटं असतं.

डिझेलदादा
किल्लेदारांनी लाखातलं सांगितलं. गॅरेजवाला म्हणून त्यात माझी भर.

दमलेल्या माणसाला चढ परवडतो, उतार नाही. म्हणून अशी रचना चांगलीच. पण सकाळी सगळे उत्साहात असतात आणि उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडतात, पेट्रोल वाचतंय म्हणून. वाचत बिचत काही नाही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन बंदच करतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरायचं. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल किंवा एल, म्हणजे लो गिअर, टाकायचं. सारखा ब्रेक दाबून धरला की पॅड तापतात, जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओल धरलेली असली तर ते उकळतं आणि पॅडल खाली बसतं. निघायच्या आधी ज्याचं ऑइल बदलून दोन वर्षं झालीत त्यानं बदलून घ्यावं. हा खर्च वडापावच्या हिशोबात जातो.

आणि स्टेपनीत हवा बघा. चार चाकांची बघतात, पाचव्याची कुणी बघत नाही.

पुणे_३०
धागा पूर्ण वाचला नाही. महाबळेश्वर का नाही करत?

जुनी८००
कारण तुम्ही सगळे तिथं असता.

विद्युतवेडा
ईव्ही चालते का ताफ्यात? माझी आहे. ऐकलंय की १०० टक्के चार्ज करून घाट उतरलं तर रिजन, म्हणजे मोटरनं गाडी रोखत बॅटरी भरणं, मिळत नाही, गाडी मोकळी धावते.

डिझेलदादा
बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजन कमी होतं हे खरं. पण तुम्ही घाटाच्या माथ्यावर राहता का? संभाजीनगर ते कन्नड साठेक किलोमीटर आहे, तोवर भरपूर जागा झालेली असते. तुमची काळजी उताराची नको, परतीच्या चढाची करा. आणि एसी लावून थांबलेल्या तासांची.

अंजली_कन्नड
माझं माहेर-सासर दोन्ही कन्नड तालुक्यात, म्हणून लिहिते.

कन्नड–चाळीसगावचा औट्रम घाट पूर्वी ट्रकांसाठी बदनाम होता. रात्र रात्र कोंडी. ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत दरडी कोसळल्या आणि घाट बंद पडला, ते सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी झाली. तेव्हापासून लहान गाड्यांना घाट मोकळा झालाय. बोगद्याची चर्चा मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय, ती चालू राहील.

पण तुम्ही विचारताय तसा रस्ता औट्रम घाट नव्हे. तो महामार्ग आहे, थांबायला जागा नाही आणि थांबूही नये. तुम्हाला हवाय तो गौताळ्यातून नागदला उतरणारा. कन्नडहून हिवरखेड्याकडून आत शिरायचं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ ला जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. सागवान, अंजन, धावडा, पळस. सीता न्हाणी, गौताळा तलाव, चंदन नाला ही ठिकाणं वाटेवर किंवा वाटेपासून जवळ. वनखात्याचं फाटक आहे, नोंद होते, शुल्क भरावं लागतं. एवढ्या गाड्या असतील तर आधी वन कार्यालयात जाऊन विचारा, ऐन वेळी फाटकावर वाद घालू नका. आत गाणी वाजवणं, हॉर्न, डबे उघडून जंगलात जेवायला बसणं, हे काही चालणार नाही. बिबट्या आहे तिथं.

निशाचर
बिबट्याला थार आवडते की सेडान?

अंजली_कन्नड
त्याला तुमच्या गाडीतली कोंबडी आवडेल.

रस्ता_मापक
अंजलीताई, नेमकं हेच हवं होतं. नागदला उतरून मग? चाळीसगावमार्गे औट्रम घाटानं परत असा गोल जमेल?

किल्लेदार
जमेल, पण ठराव मोडतो. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात. मराठवाड्याची वेस ओलांडली.

बालाघाटकर
दंड म्हणून सगळ्यांनी बीडला यायचं.

सोयगावचा
मी वेसच्या आतलाच आहे, फक्त डोंगराच्या खाली. आमचा सोयगाव तालुका संभाजीनगर जिल्ह्यात, पण बाजार पाचोऱ्याचा, बोली खानदेशी, आणि तहसीलच्या वरच्या कामाला घाट चढून जावं लागतं. त्यामुळं आम्ही कुणाच्याच नकाशात नसतो.

नागदहून डोंगराच्या पायथ्यानं बनोटी, पुढं सोयगाव असा रस्ता आहे. तिथून वेताळवाडीवरून हळदा घाट चढला की उंडणगाव, मग सिल्लोड. म्हणजे गौताळ्यानं उतरा, हळद्यानं चढा. वेस फारशी ओलांडायला लागत नाही आणि आल्या वाटेनं जावं लागत नाही.

पण माझी एक अट आहे. तुमच्यासारखे ताफे इकडं यायला लागलेत. मागं एका गटानं बनोटीच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या, मधोमध एक गाडी उभी करून ड्रोन उडवला. माझी कापसाच्या फवारणीची टाकी घेऊन मी ट्रॅक्टरवर बसलेलो. वीस मिनिटं. हॉर्न दिला तर म्हणाले, काका, एक शॉट. आमचा रस्ता तुमच्यासाठी सिनरी असेल, आमच्यासाठी शेतात जायची वाट आहे. पोळ्याच्या आसपास तर येऊच नका, बैल धुवायला नेतात, मिरवतात. आलात आणि बैल बिथरला तर गाडीचं सोडा, माणूस जाईल.

जुनी८००
सोयगावचा, शंभर टक्के सहमत. ताफा हा प्रकारच मला पटत नाही. पंधरा गाड्या एकामागं एक म्हणजे वरात. मागून येणाऱ्या एसटीनं ओव्हरटेक कुठं करायचा?

रस्ता_मापक
ताफा पटत नाही म्हणजे फेरीच नको का? गटानं जाण्यात मजा असते म्हणून गट आहे. आम्ही काही ड्रोनवाले नाही. दरवेळी एका टोळीनं केलेलं सगळ्यांच्या माथी मारायचं हे बरोबर नाही.

जुनी८००
माथी मारत नाही हो. पंधरा गाड्यांचे तीन घोळके करा म्हणतोय. पाच-पाच गाड्या, दोन घोळक्यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. प्रत्येकाला एक पुढारी आणि एक शेपूट. पुढारी रस्ता माहीत असलेला, शेपूट गाडीतलं कळणारा. मधल्यांनी एकच करायचं: जिथं वळायचं तिथं मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, दिसली की निघायचं. मोबाइलची रेंज गेली तरी कुणी चुकत नाही. आणि डोंगरात रेंज जाणारच आहे.

सोयगावचा
असं असलं तर माझी हरकत नाही. मग या.

निवृत्त_वाहतूक
नोकरी वाहतुकीच्या खात्यात गेली म्हणून एक नियम सांगून ठेवतो. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि एकदम निघायला जागा नसली, तर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. उतरणाऱ्यानं थांबायचं. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत हे स्पष्ट आहे, त्याआधीच्या १९८९ च्या नियमांतही होतं. लोक उलटं समजतात, उतरणारा जोरात असतो म्हणून त्याला सोडतात. हळद्यात तुम्ही चढणार आहात, पण हक्क आहे म्हणून रेटू नका. समोरून येणाऱ्या टेंपोवाल्यानं हे विनियम वाचलेले नसतात.

मीनल_सिडको
इतकं वाचलं. ब्रेक ऑइल झालं, बैल झाले, बिबट्या झाला. बायकांनी जायचं कुठं, हे एकानंही लिहिलं नाही.

दरवेळी हेच. रेकीला दोन पुरुष जातात, येऊन सांगतात रस्ता मस्त, चहा मस्त. मग फेरीच्या दिवशी दहा बायका आणि लेकरं पेट्रोल पंपाच्या मागं कुलूप लावलेल्या दारासमोर उभ्या. माझी सूचना: रेकीला एक बाई बरोबर न्या. प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह आत जाऊन बघा, पाणी येतं का, आतून कडी लागते का. कन्नडला पाहा, सोयगावला पाहा. मधे नसेल तर ते आधी सांगा, म्हणजे आम्ही तसं पाणी पिऊ.

अंजली_कन्नड
मीनल +१. मी येते रेकीला. कन्नडला घरीच थांबा, सगळ्यांचं होईल.

रस्ता_मापक
मीनलताई, बरोबर आहे. अंजलीताई, फोन करतो.

किल्लेदार
हळदा घाटाबद्दल थोडं. रस्ता वेताळवाडी किल्ल्याला अगदी खेटून जातो. वर चढता चढता तटबंदी, बुरूज दिसत राहतात, आणि घाटातून किल्ल्यात जायला फार चालावं लागत नाही. जवळ रुद्रेश्वर लेणं आहे. पलीकडं जंजाळा किल्ला आणि घटोत्कच लेणी, पण ती पायपीट वेगळी, या दिवसात बसवू नका. किल्ल्यावर जायचं तर लेकरांना तटाच्या कडेला मोकळं सोडू नका. पावसात दगड निसरडे, गवत माजलेलं असतं, पायाखालचं दिसत नाही.

अजिंठा लेणी या फेरीत कोंबायचा मोह आवरा. फर्दापूरला गाड्या लावून पुढं बसनं जावं लागतं, लेण्यांना अर्धा दिवस हवा, आणि सोमवारी बंद. फार तर घाट उतरण्याआधीच्या फाट्यावरून व्ह्यू पॉइंटला जाता येईल. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला समोरच्या कड्यावरून लेणी दिसली असं सांगतात, तीच बाजू. पण तेही दुसऱ्या दिवशी.

निशाचर
जॉन स्मिथनं रेकी केली होती का?

जुनी८००
केली असणार. त्याच्याबरोबर पण बाई नव्हती, म्हणून दोनशे वर्षं झाली तरी स्वच्छतागृहाचा प्रश्न सुटला नाही.

लातूरचा_पाहुणा
तारखेचं काय? १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते की. मराठवाड्यात फिरायचं तर त्या दिवसापेक्षा चांगला मुहूर्त कोणता?

निवृत्त_वाहतूक
कल्पना चांगली, पण सकाळी सगळीकडं झेंडावंदन, पोलीस बंदोबस्तात. आणि गणपती कधी येतात तेही पंचांगात बघा, मिरवणुकीच्या दिवशी गावातून गाडी निघत नाही. त्याच्या आगेमागे एखादा रविवार धरा.

बालाघाटकर
पितृपक्ष आला तर?

डिझेलदादा
पितृपक्षात नवी गाडी घेत नाहीत. जुनी चालवायला बंदी नाही. माझ्या गॅरेजला तर त्याच पंधरवड्यात गर्दी असते.

रस्ता_मापक
रेकी करून आलो. मी, अंजलीताई, त्यांचे यजमान आणि गटातला सेडानवाला. मुद्दाम सर्वांत खाली बसलेली गाडी नेली आणि मुद्दाम रविवारी गेलो, कारण फेरी रविवारी आहे. मधल्या वारी रिकामा रस्ता बघून येण्यात अर्थ नव्हता.

आधी चांगलं. गौताळ्यातला रस्ता अप्रतिम आहे. कन्नडच्या पंपावर टाकी भरून ट्रिप मीटर शून्य केला आणि प्रत्येक वळण, फाटा, खड्डा आकड्यासकट लिहून काढला. फाटकावरच्या माणसांशी बोललो, अर्ज कसा द्यायचा ते कळलं. जंगलात ढग रस्त्यावर उतरलेले, दिवे लावून चालवावं लागलं. माथ्यावरून खाली बघितल्यावर किल्लेदार म्हणतात ते पटलं. जमीन खरोखर संपते.

नागदच्या पुढं मात्र माझं मत बदललं. मी धाग्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं की चालवायची मजा हवी. पायथ्याचा रस्ता चालवायला तसा साधा आहे. काही ठिकाणी उखडलेला, कुठं फरशी पूल, कुठं मेंढ्या. वळणंबिळणं नाहीत. पण उजव्या हाताला सगळा वेळ डोंगराची भिंत चालते आणि तिच्यावरून पांढऱ्या धारा लोंबतात. कुणी नाव न ठेवलेले धबधबे. तिथं गाडी चाळीसच्या वर न्यावीशी वाटली नाही. सेडानवाला, जो एरवी एकशे वीसच्या खाली येत नाही, तो म्हणाला हळू घे.

आता खरी अडचण. व्ह्यू या रस्त्यावर पावलोपावली आहे, पण पाच गाड्या रस्त्याबाहेर उभ्या राहतील अशा जागा हातावर मोजण्याइतक्या. गौताळ्यात फाटकाजवळ एक, बनोटीत देवळाकडं एक, सोयगावच्या अलीकडं एक, आणि हळदा घाटात किल्ल्याच्या खिंडीजवळ थोडीशी. बाकी सगळीकडं थांबलं तर अर्धी गाडी डांबरावर. म्हणून ठरवलंय की थांबे आधी नेमायचे आणि मधे कितीही सुंदर दिसलं तरी कुणी थांबणार नाही. फोटो हवा तर शेजारी बसलेल्यानं काढायचा.

हळदा घाट वेताळवाडीकडून चढताना धरणाचं पाणी मागं राहतं आणि वर किल्ला. वळणं आवळ आहेत, सेडान कुठंच खाली घासली नाही, पण एका वळणावर समोरून एसटी आली तेव्हा पन्नास फूट मागं घ्यावी लागली. चढणाऱ्याचा हक्क वगैरे काही सुचलं नाही. ज्यांना चढावर रिव्हर्स घेता येत नाही त्यांनी आधी एखाद्या मोकळ्या मैदानात सराव करावा. गटातल्या तिघांची नावं माझ्या डोळ्यासमोर आहेत, इथं लिहीत नाही.

निवृत्त_वाहतूक
मागं घेतलीत हे उत्तम केलंत. एसटीसमोर हक्क सांगायचा नसतो.

अंजली_कन्नड
माझा भाग. स्वच्छतागृहं: कन्नडला आमच्या घरी आणि पंपावर ठीक. बनोटीला भरवसा नको. सोयगावला एका हॉटेलात चांगलं आहे, मालकांशी बोलून ठेवलंय, त्या दिवशी सकाळी पाण्याची टाकी भरून ठेवतील. कन्नड ते सोयगाव मधे काही नाही असं धरून चाला, म्हणजे सुमारे तीन तास. आजी-आजोबांच्या गाड्या पहिल्या घोळक्यात ठेवा.

ग्रामीण रुग्णालय कन्नडला आहे, सोयगावला आहे. १०८ चा फोन लागायला रेंज हवी, म्हणून कुणाच्या फोनला कुठं रेंज येते तेही लिहून ठेवलंय. घाटात एका कंपनीची येते, दुसरीची नाही. प्रत्येक घोळक्यात दोन्ही सिमकार्डं असू द्या.

विद्युतवेडा
माझं काय?

डिझेलदादा
तुम्ही कन्नडच्या पुढं चार्जर शोधत बसू नका, पूर्ण भरून निघा, सबंध गोलाचे किलोमीटर रस्ता_मापक यांच्याकडून घ्या आणि कंपनी सांगते त्याच्या सत्तर टक्केच रेंज धरा. बसत असेल तर या, नसेल तर माझ्या गाडीत एक जागा आहे.

विद्युतवेडा
तुमच्या डिझेलमध्ये?

डिझेलदादा
रात्रीच्या अंधारात कुणाला दिसत नाही.

मीनल_सिडको
पाऊस जोरात असला तर? फरशी पुलांचं काय?

रस्ता_मापक
आदल्या दिवशी कन्नड-सोयगाव पट्ट्यात मोठा पाऊस झाला तर फेरी पुढच्या रविवारी. सोयगावचा यांच्याशी बोलणं झालंय, ते सकाळी सहाला पुलांची स्थिती कळवणार. पुलावरून पाणी वाहत असेल तर कितीही कमी दिसलं तरी गाडी घालायची नाही, थारनंही नाही. तिथूनच मागं फिरायचं, गौताळ्याच्याच वाटेनं वर.

जुनी८००
थारवाल्यांना हे लेखी द्या.

सोयगावचा
पुलांचं सांगतो मी. जेवणाचं पण बघतो. आमच्या गल्लीतल्या दोन घरच्या बायका करून देतील. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. भरीत मागू नका, भरताची खरी वांगी थंडीत, आत्ताच्या वांग्यांना ती चव नाही. पैसे ठरवून द्या, आणि कागदी ताटं आणू नका, आमच्याकडं ताटं आहेत.

बालाघाटकर
एवढं सगळं जमलं तर पंधराच्या सोळा गाड्या करा. मी आदल्या रात्री संभाजीनगरला मुक्कामाला येतो. डिसेंबरात तुम्ही सगळे सौताड्याला, ही माझी अट.

किल्लेदार
डिसेंबरात सौताड्याला पाणी कमी असेल.

बालाघाटकर
तुम्ही या तर खरं. पाण्याचं आम्ही बघून घेऊ.

सोयगावचा
माणसं नक्की किती ते शुक्रवारपर्यंत सांगा. दळण आधी टाकावं लागतं.

रस्ता_मापक
सध्या अठ्ठेचाळीस, लेकरं धरून. शेवभाजी दोन पातेल्यांत करा, एक कमी तिखट. शुक्रवारी दुपारी पक्का आकडा देतो.